बायबलचा अर्थ कोण सांगणार? विटेनबर्ग, यवतमाळ आणि पंडिता रमाबाई

आजचा भाग लिहूनही ठेवतोय, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सांगितलं की नावं नि साल ऐकताना डोक्यावरून जातात. तर बसमध्ये असाल तर ऐका, घरी असाल तर वाचा.

मी यवतमाळचा. शाळेत माझ्या बाकावर दोन मित्र होते, दोघंही ख्रिस्ती. मला वाटायचं दोघांचं सगळं सारखंच असणार. एकदा मधल्या सुट्टीत त्यांची जुंपली. एक म्हणाला, बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत. दुसरा म्हणाला, ७३. मी म्हटलं, अरे मोजा ना, त्यात भांडायचं काय? दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या घरचं बायबल आणलं. मोजलं. दोघंही बरोबर होते!

एकाच्या घरी ‘पवित्र शास्त्र’ म्हणायचे, दुसऱ्याच्या घरी नुसतं बायबल. एकाकडे पाळक, दुसऱ्याकडे फादर. एकाचा बाप्तिस्मा झाला होता, दुसऱ्याचा स्नानसंस्कार. रविवारी एक ‘उपासनेला’ जायचा, दुसरा ‘मिस्साला’. देव तोच, येशू तोच, गावही तेच. मग ही दोन भाषांतली दोन घरं कुठून आली? त्या वेळी उत्तर मिळालं नाही. आता पॉडकास्ट काढलाय तर ते शोधायला निमित्त झालं.

मुळातला प्रश्न अगदी सोपा आहे. एक पवित्र पुस्तक आहे. त्यातल्या एका ओळीचे दोन अर्थ निघतात. बरोबर कोणता, हे कोण ठरवणार?

चला, थोडं लांब जाऊ. जर्मनीतलं विटेनबर्ग, १५१७. मार्टिन ल्यूथर नावाच्या मठवासी प्राध्यापकानं पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, ही गोष्ट दहावीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण माझ्या मते खरा स्फोट दोन वर्षांनी झाला. १५१९ मध्ये लाइपझिगला योहान एक नावाच्या हुशार वादपटूनं ल्यूथरला जाहीर चर्चेत कोंडीत पकडलं. पोप चुकू शकतो असं तू म्हणतोस, ठीक. मग चर्चच्या महासभाही चुकू शकतात का? ल्यूथर म्हणाला, हो, चुकू शकतात. तिथं दोर कापला गेला. पोप नाही, महासभा नाही, मग उरलं काय? पुस्तक. १५२१ मध्ये वर्म्सच्या शाही सभेत त्याला लिखाण मागे घे म्हणून सांगितलं, तेव्हाही त्याची भूमिका हीच होती: शास्त्रातून किंवा स्पष्ट तर्कानं मला पटवून द्या, नाहीतर माझी सद्सद्विवेकबुद्धी मला मागे फिरू देत नाही. पुढच्याच वर्षी त्यानं जर्मनमधला नवा करार छापला.

इथं एक गैरसमज खोडून काढतो. ‘ल्यूथरच्या आधी बायबल फक्त लॅटिनमध्ये होतं, चर्चनं कुलूप लावून ठेवलं होतं’ असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. खोटं आहे. छापलेलं पहिलं जर्मन बायबल १४६६ चं, म्हणजे ल्यूथरच्या जन्माच्याही आधीचं. त्यानंतर त्याच्या अनुवादापर्यंत आणखी बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. वाद नुसता वाचण्याचा नव्हता. वाचल्यावर तुझं नि चर्चचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, हा वाद होता.

रोमनं उत्तर द्यायला वेळ घेतला, पण दिलं ते पक्कं. ट्रेंट नावाच्या गावी महासभा भरली आणि एप्रिल १५४६ मध्ये तिनं ठराव केला. शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा, दोन्ही सारख्याच आदरानं स्वीकारायची. आणि श्रद्धेच्या बाबतीत चर्चनं जो अर्थ धरलाय त्याच्या विरुद्ध, स्वतःच्या डोक्यानं कुणी शास्त्राचा अर्थ लावायचा नाही. माझ्या मित्राची ७३ पुस्तकंही तिथेच पक्की झाली. तोबीत, यहुदीत, मक्काबी वगैरे पुस्तकं ल्यूथरनं बाजूला काढून वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, अशा वर्गात टाकली होती.

आता आपल्याला आज वाटतं, अर्थातच ल्यूथर बरोबर. आपला फोन आपण वाचणार, मध्ये कोण? पण कॅथलिक बाजू फेकून देण्याजोगी नाही हो. त्यांचा मुद्दा असा. बायबल आकाशातून बाइंडिंग करून पडलं नाही. कोणती पुस्तकं आत नि कोणती बाहेर, हे शतकानुशतकं चर्चनंच ठरवलं. मग ज्या समाजानं पुस्तक जपलं, त्यालाच अर्थ विचारायचा नाही, हे कसलं न्यायाचं? आणि प्रत्येकानं आपला अर्थ काढला तर प्रत्येक गल्लीत एक चर्च होईल.

झालंही तसंच. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या मागण्या मांडल्या आणि त्यांना बायबलचे आधार जोडले. वेठबिगारी का, ख्रिस्तानं तर सगळ्यांनाच मुक्त केलंय. ल्यूथर आधी दोन्हीकडच्यांना समजावत होता, पण उठाव पेटल्यावर त्यानं सरदारांना सांगितलं, झोडा यांना. पुस्तक वाचायला ज्यानं शिकवलं, त्याला शेतकऱ्यांचं वाचन चाललं नाही. मग १५२९, मारबुर्ग. ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली समोरासमोर. दोघंही पोपविरोधी, दोघंही ‘फक्त शास्त्र’वाले. प्रभुभोजनाच्या वेळचं ख्रिस्ताचं वाक्य, हे माझं शरीर आहे. ल्यूथर म्हणाला, ‘आहे’ म्हणजे आहे. झ्विंग्ली म्हणाला, ‘आहे’ म्हणजे दर्शवतं. एका क्रियापदावरून दोन पंथ कायमचे वेगळे झाले. पुस्तक एकच, नियम एकच, आणि न्यायाधीश कुणी नाही.

बरं, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे मराठीत ख्रिस्ती पुस्तक आलं तेच मुळी या वादाच्या सावलीत. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. लक्षात घ्या, तो इंग्लंडचा कॅथलिक. त्याच्या मायदेशात राणीचं प्रोटेस्टंट राज्य होतं. त्यानं इथली भाषा शिकून घेतली आणि १६१६ मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या! रोमन लिपीत छापलेल्या, पण अस्सल मराठी ओव्या. त्या काळातल्या तीनही छापील आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून.

पण मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्टीफन्सनं बायबलचा अनुवाद केला नाही. पुराण रचलं. म्हणजे कथा आदामपासून ख्रिस्तापर्यंत सगळी सांगितली, पण सांगणारा पाद्री आणि ऐकणारा शिष्य, अशा संवादाच्या चौकटीत. शिष्य शंका विचारतो, पाद्री-गुरू अर्थ सांगतो. म्हणजे अर्थ आधीच कथेत मुरवलेला. लोणच्यात मीठ असतं तसा, वेगळा काढता येत नाही. आपल्या आजीला पोथी आवडायची ती याचसाठी. पोथी नुसता मजकूर देत नाही, तो कसा घ्यायचा हेही सांगते.

याच्या बरोबर उलट टोक दोनशे वर्षांनी आलं. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्यानं वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीनं मराठीचं काम सुरू केलं. मत्तयचं शुभवर्तमान १८०५ मध्ये, नवा करार १८११ मध्ये. मुंबईत १८१३ ला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये आपला नवा करार काढला. त्यांना पुराण नको होतं, मूळ मजकूर हवा होता. वाचकाच्या हातात पुस्तक द्या, बाकीचं तो नि देव बघून घेतील. हा प्रोटेस्टंट भरवसा.

आता यवतमाळ. आधी हा वणी जिल्हा होता, १९०५ मध्ये यवतमाळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे अमेरिकेतून फ्री मेथडिस्ट मिशन आलं. ‘फ्री’ कशाला, असं मला लहानपणी वाटायचं. त्यांचा पंथ १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात निघाला, त्यामागची एक तक्रार अशी होती की चर्चमधली बाकं श्रीमंतांना भाड्यानं दिली जातात. यांची बाकं सगळ्यांना फुकट. गुलामगिरीलाही विरोध. मिशनांनी भांडण नको म्हणून आपसात मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे गंमत काय झाली, की नगर जिल्ह्यातला माणूस प्रोटेस्टंट झाला तर अमेरिकन मराठी मिशनचा, आणि आमच्याकडचा झाला तर फ्री मेथडिस्ट. ल्यूथर म्हणायचा अर्थ स्वतः शोधा. आपल्याकडे तो पुष्कळदा रेल्वेच्या नकाशावरून ठरला! कॅथलिकांच्या नकाशात आमचा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात. तो धर्मप्रांत १९५५ चा.

आणि १९५३ मध्ये यवतमाळात एक मोठी गोष्ट घडली, जी आमच्या पिढीत फारशी कुणाला माहीत नाही. अनेक इव्हँजेलिकल मिशनांनी एकत्र येऊन इथं युनियन बिब्लिकल सेमिनरी काढली. पाळक नि धर्मशिक्षक तयार करणारी ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली, आजही तिथं आहे. बाबा सांगायचे, लहानपणी गावात केरळची, ईशान्येकडची मुलं दिसायची, सगळे म्हणायचे ‘सेमिनरीवाले’. कापसाच्या गावात हिब्रू आणि ग्रीक शिकणारी माणसं.

आता जरा थांबून विचार करा. ज्यांचं म्हणणं की शास्त्र सर्वोच्च, प्रत्येक विश्वासी ते वाचू शकतो, त्यांना सेमिनरी कशाला लागली? कारण वाचायला मुभा असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. कुणीतरी शिकवायला लागतं. आणि शिकवणारा आला की अधिकार आला. रोमपेक्षा सौम्य, पदवीच्या रूपात, पण आला. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. मला ते प्रामाणिक वाटतं.

पण हा वाद एखाद्या माणसाच्या अंगावर कसा येतो, हे पाहायचं तर पंडिता रमाबाई. आजचा भाग खरं तर त्यांच्यासाठीच केलाय.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला. म्हणजे ‘पवित्र ग्रंथ कुणी वाचायचा’ हा प्रश्न रमाबाईंच्या घरात त्यांच्या जन्माआधीपासून होता. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे विधवा झाल्या, पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्याच सप्टेंबरात वाँटेजच्या मठात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

हे वाँटेज काय होतं? रोमन कॅथलिक नाही, अँग्लिकनच. पण अँग्लिकनांतला जो गट परंपरा, बिशप, संस्कार यांना कॅथलिकांइतकंच मानायचा, त्या गटातल्या या सिस्टर्स. पुण्यातलं पंचहौद मिशन आठवतंय? ज्या चहावरून १८९० मध्ये टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं ते? तिथं याच मठाच्या सिस्टर्स काम करायच्या. (त्या चहाचा निवाडाही शेवटी शंकराचार्यांपर्यंत गेला. अर्थ कोण सांगणार, हा प्रश्न काही एका धर्माचा नाही.)

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात मोठा वाटा होता नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा. काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेमिया गोऱ्हे म्हणून ओळखले गेले. यांचा प्रवास रमाबाईंच्या बरोबर उलटा. सुरुवात प्रोटेस्टंट वळणाच्या मिशनमध्ये, आणि नंतर सरकत गेले परंपरावादी गटाकडे. एकट्या माणसाच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. षड्दर्शनं कोळून प्यालेला माणूस! त्याला ठाऊक होतं, हुशार डोकं एका वाक्यातून काय वाट्टेल ते काढू शकतं.

रमाबाईंना मात्र तेच डोकं बाजूला ठेवायला सांगितलं गेलं तेव्हा ठिणगी पडली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. प्रेम होतं, ते पत्रांतून दिसतं. पण रमाबाई बायबल स्वतः वाचत होत्या आणि विचारत होत्या, त्रैक्य हा शब्द यात कुठं आहे? अथनेशियसच्या नावानं चालणारा मतांगीकार मी का म्हणायचा? मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले, की इंग्लंडच्या चर्चमध्ये? तुमच्यात एवढे पंथ, त्यातला खरा कोणता हे कोण सांगणार? सिस्टरचं उत्तर साधारण असं, की तू श्रद्धेत नवं बाळ आहेस, आधी चर्चची आज्ञा पाळ, समज मागून येईल; आणि हे प्रश्न म्हणजे तुझा अहंकार आहे. यावर रमाबाईंनी जे कळवलं त्याचा आशय असा: आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून काढलंय, आता दुसरं तसलंच जोखड घालून घ्यायला मी तयार नाही.

हे वाचताना मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. परक्या देशात, पैसा त्यांचा, छप्पर त्यांचं, आणि मुलगीसुद्धा त्यांच्याकडे शिकतेय. आणि ही बाई म्हणते, नाही.

भांडण फक्त मोठ्या सिद्धांतांवर नव्हतं. क्रॉसवरचा मजकूर लॅटिनमध्ये असावा, अशी मठाची इच्छा. रमाबाईंनी विचारलं, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे? त्या तरुण मुलग्यांना शिकवणार होत्या, तर बिशपांनी मोडता घातला. मनोरमेला त्रैक्य शिकवलं म्हणून रमाबाई चिडल्या. मला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या डोक्यात का? ही सगळी पत्रं सिस्टर जेराल्डीननं जपून ठेवली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती इंग्रजीत छापली. वाद घालणाऱ्या दोघींपैकी एकीनं दुसरीचीही बाजू सांभाळून ठेवावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

सिस्टरची बाजूही सांगतो. तिची भीती खोटी नव्हती. तिला दिसत होतं, की एकटी वाचत राहिली तर ही मुलगी प्रत्येक सिद्धांत सोडत जाईल आणि शेवटी हातात काहीच उरणार नाही. प्रत्यक्षात झालं वेगळं. काही वर्षांनी, १८९० च्या दशकात, रमाबाईंना जो आध्यात्मिक अनुभव आला तो त्यांना पारंपरिक श्रद्धेच्या अगदी जवळ घेऊन गेला. पण कुणाच्या हुकमानं नाही. आणि कुठल्याही एका चर्चच्या त्या झाल्या नाहीत. मनोरमेला पुढे अमेरिकेत शिकायला पाठवलं ती शाळा फ्री मेथडिस्टांची. हो, आमच्या यवतमाळवाल्यांचीच.

आणि मग रमाबाईंनी ते केलं, जे या वादाचं टोक आहे. दुसऱ्याच्या अनुवादावर अवलंबून राहायचं नाही म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. १९०४ च्या सुमारास केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद सुरू केला. एकटीनं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका, त्यातल्या कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या. जवळजवळ १८ वर्षं काम चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा अनुवाद नुकता संपला होता. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं.

आता यातली मेख. रमाबाईंना हा अनुवाद साध्या, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावा असा हवा होता. आणि हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी मुद्दाम टाळले, म्हणजे वाचणारीचा घोळ होऊ नये. पण कोणता शब्द घ्यायचा नि कोणता गाळायचा हे कुणी ठरवलं? रमाबाईंनीच. मूळाला इतकं धरून राहिल्या की मराठी कित्येकदा अडखळते, आणि मंडळ्यांमध्ये हे भाषांतर फारसं रुळलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर ‘अर्थ माझ्यावर लादू नका’ म्हटलं, तिनंही प्रत्येक ओळीत अर्थ निवडला. अनुवाद करणाऱ्याला सुटकाच नसते. मला हे त्यांचं अपयश वाटत नाही, पण ते दिसतं तसं सांगायला हवं.

कॅथलिकांकडे काय बदललं, तेही थोडक्यात. १८ नोव्हेंबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज मंजूर केला. बायबल सगळ्यांना सहज मिळालं पाहिजे, मूळ भाषांतून चांगले अनुवाद व्हावेत, जमलं तर इतर ख्रिस्ती बांधवांबरोबर मिळूनही करावेत, असं तो म्हणतो. अधिकृत अर्थ लावण्याचं काम मात्र चर्चच्या अध्यापकपदाकडेच ठेवलं, फक्त ते पद देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याचं सेवक आहे, अशी पुष्टी जोडली. मराठीत या वाऱ्याचं फळ म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’. कॅथलिक धर्मगुरू, आणि मराठी इतकी सरळ की कुणीही वाचावी.

यात आमच्या गावाचा एक योगायोग आहे. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झालं. पुढचं ९३ वं, उस्मानाबादचं, त्याचे अध्यक्ष फादर दिब्रिटो. आमच्या संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर तो ६६ पुस्तकांवाला मित्र भेटला होता. आता तो बाहेरगावी नोकरी करतो. मी म्हटलं, अजून ६६ च का रे? तर म्हणाला, “भाऊ, मोबाईलात दोन्ही आहेत. पण आईसमोर ६६.”

७३ वाल्याला हे रेकॉर्डिंग पाठवलंय, अजून निळी टिक आलेली नाही. पुढच्या भागात पंचहौदचा तो चहा, कपासकट. तोवर प्रश्न असतील तर पाठवा.